मोटर, स्क्रू आणि प्रमुख पाहुणे

आमच्या मरोळच्या गल्लीत गणपतीचा देखावा कसला करायचा यावर दरवर्षी भांडण होतं. त्या वर्षी मी जिंकले. युनियनची पत्रकं वाचत मोठी झालेली मी, थर्माकोलचा राजवाडा मला चालणारच नव्हता. गल्लीच्या नळाला करंगळीएवढी धार येत होती. म्हणून देखावा ठरला तो असा: रिकामा हंडा घेतलेली बाई चौथऱ्यावर उभी आणि चौथरा हळूहळू पुरुषभर उंच जातो. उद्घाटनाला येणाऱ्या नगरसेवक साहेबांना ती दिसायलाच हवी होती. दरवर्षी नारळ फोडून, कोणी पाण्याचं विचारायच्या आत ते गाडीत बसायचे.

चौथरा उचलायचं काम माझ्या आत्तेबहिणीचं. तिचं साकीनाक्याला वर्कशॉप आहे आणि स्वतःबद्दलचं मत फार चांगलं आहे. मी एका वेगवान मोटरवर हात ठेवला.

"हिच्यात वेग आहे, जोर नाही," ती म्हणाली. "बाई उचलायचीय की पंखा फिरवायचाय?"

तिने गिअरवाली मोटर काढली, संथ पण दणकट. मग दोन लांब स्क्रू दाखवले. एकाचे आटे रुंद, एका फेऱ्यात बोटभर चढवणारे. दुसऱ्याचे बारीक, जेमतेम नखाएवढं सरकवणारे.

"रुंदवाला घे ना. सामान्य माणसाला वर यायला इतका वेळ का लागावा?"

"भाषण नको देऊस. लाइट गेली की रुंद आट्यांवरून वजन आपोआप घसरत खाली येतं. बारीकवाला वजनाने फिरत नाही. थांबला तिथे थांबला."

"आणि एवढी मोठी मोटर? पुतळा कागदाच्या लगद्याचा आहे."

"मंडळ आहे गं. फोटोला कोणीतरी चढणारच."

चढले ते खुद्द साहेब. कडक इस्त्रीचा झब्बा, एक हात पुतळ्याच्या खांद्यावर, तोंड फोटोवाल्याकडे. मी बटण दाबलं. चौथरा झकास वर गेला आणि वर पोहोचल्याबरोबर फ्यूज उडाला. रोषणाई, स्पीकर, मोटर, सगळं एकाच जोडणीवर होतं. संध्याकाळचा उजेड अजून होता, त्यामुळे साहेब सगळ्यांना नीट दिसत होते.

"उतरवा रे मला!"

शिडी शेजारच्या मंडळाने नेली होती. बहिणीने स्क्रूच्या खालच्या टोकाला हँडल बसवलं. "हाताने उतरवते, साहेब. पण आटे बारीक आहेत ना, वेळ लागेल."

गल्लीतल्या बायका पुढे सरकल्या. आमच्या समोरच्या मावशी म्हणाल्या, "बरे सापडलात. पाण्याचं काय झालं?"

"फाईल पुढे गेलीय, ताई."

हँडल थांबलं. "हात भरून आला," बहीण दंड चोळत म्हणाली.

मी तिच्या कानाशी गेले. "हे बरोबर नाही हं. माणसाला असं अडकवून ठेवणं आपल्या तत्त्वात बसत नाही."

"मग तू फिरव."

मी हँडल धरलं. मावशींनी विचारलं, "कुठे गेली फाईल?" साहेब म्हणाले, "बघावं लागेल." हँडल भलतंच जड होतं. निदान मला तरी तसं वाटायला लागलं.

"अहो, त्या पाणी खात्याच्या इंजिनिअरला फोन लावा ना," मावशी म्हणाल्या. "आणि स्पीकरवर ठेवा, आम्हालाही ऐकू दे."

साहेबांनी खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फोन लावला. "उद्या सकाळी माणूस पाठवतो," हे इंजिनिअरचं उत्तर सगळ्या गल्लीने ऐकलं, तेव्हा कुठे माझ्या हातात बळ आलं.

सकाळी खरंच माणूस आला. कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडा होता, तो त्याने पूर्ण उघडला. हंडे भरायला लागले. तेवढ्यात साहेबांच्या कार्यकर्त्याचा मला फोन: साहेबांचा तो वरचा फोटो कृपया कुठे टाकू नका.

मी फोन मावशींच्या हातात दिला.

"छे हो, आम्ही कशाला टाकू?" हंडा सरळ करत मावशी म्हणाल्या. "पाणी येतंय तोवर फोटो आमच्याकडेच राहील, सांगा त्यांना."