वसंतानं सोडलेलं प्यादं

वसंता गेल्याचं मला भातकुलीच्या बाजारात कळलं. मी कांदे निवडत होतो. आमच्या गावचा एक जण सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे ते बुद्धिबळवाले दोस्त गेले म्हणते. सकाळी, बसल्या बसल्या." मी त्याच्यावरच खेकसलो, की नीट माहिती नसताना भर बाजारात असलं बोलू नये. तो बिचारा कानकोंडा होऊन उभा राहिला. त्याची माहिती नीट होती. मी अमरावतीला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. ओसरीवर वसंताचे वडील, अप्पा, उघड्या अंगानं बसले होते. ऐंशीला टेकलेला माणूस, आणि पोटच्या मुलाला पोचवून आलेला. मी त्यांच्याजवळ बसलो. त्या घरात न बोलता बसायची मला सवय होती.

त्याला आता महिना होऊन गेला. वाचनालयाच्या मंडळींनी मला सांगितलंय की वसंतावर चार शब्द लिहा, सज्जन होता, मनमिळाऊ होता, असं काहीतरी. सज्जन होता, ते लिहितो. मनमिळाऊ मात्र अजिबात नव्हता. हरला की पट आवरायला थांबायचा नाही, जिंकला की समोरच्याला त्याची चूक सांगितल्याशिवाय सोडायचा नाही. कचेरीत टायपिंग करायचा तिथेही त्याचं साहेबांशी कधी जमलं नाही. पण खेळावर त्याच्यासारखं बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आणि आता पाहीन असंही वाटत नाही.

आमची दोस्ती पटावरचीच. पन्नास सालानंतरची ती वर्षं. वाचनालयाच्या मागच्या पडवीत संध्याकाळी चारपाच पट मांडलेले असत. डॉक्टर यायचे, वकील यायचे, चिखलदऱ्याला कॉफीच्या मळ्यावर असलेले एक मॅनेजर अमरावतीला आले की हमखास यायचे. डाव संपले की मी आणि वसंता सायकली हातात धरून पायी निघायचो, आणि तो त्या दिवशी खेळलेल्या डावांची चव सांगायचा. चव हा त्याचाच शब्द. "डॉक्टराचा डाव मचूळ झाला, रामा. तो माणूस हरायले भेते, म्हणून जिंकायलेही भेते." मग वकिलांबद्दल, "वकिलानं आज मजा आणली. घोडा फुकट देला अन् मंग मले रडवलं बेट्यानं. असं रडायले मी रोज तयार हावो." मॅनेजरबद्दल म्हणायचा, की हा पटावर नाही, मळ्यावरच्या मजुरांवर खेळून राहिला, मोहऱ्यांना हुकूम सोडतो आणि मग विसरून जातो. मी एकदा विचारलं, माझ्या डावाची चव कशी? जरा थांबला आणि म्हणाला, "तुयासंगं खेळलं का कोणी पोटभर पोहे खाऊ घातल्यासारखं वाटते. चांगले हायत. पण रोज रोज कावून?" मी आठ दिवस त्याच्याशी खेळलो नाही. खोटं कशाला बोलू, राग आला होता.

हे सगळं त्याला अप्पांकडून आलेलं. अप्पा भिक्षुकी करत, अर्ध्या अमरावतीच्या मुंजी आणि लग्नं त्यांनी लावलेली. पण पोथी खाली ठेवली की हातात मोहरा. त्यांचा खेळ आपला जुना, देशी. त्यात प्यादं एकेकच घर चालतं. पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्याच्या घरात पोचेल ते होतं, घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती. आणि समोरच्याचा राजा पार एकटा पाडायचा नाही. एकटा पडला की ती बुर्जी, मग तुम्ही कितीही वरचढ असा, डाव जिंकलात असं कोणी म्हणत नाही. म्हणून समोरच्याचं शेवटचं एक तरी प्यादं जपायचं, आणि ते जिवंत असताना मात द्यायची. तीही आपल्या प्याद्यानं दिली तर काय विचारता. अप्पा म्हणायचे, "राजाचं सारं लुटून मंग त्याले मारण्यात कसली आली विद्या?" वसंता मुंजीच्याही आधी हे शिकला. वयाच्या विशीत तो अप्पांना बरोबरीत धरू लागला, आणि त्या दिवसांत त्या ओसरीवर बापलेकांचा डाव बघायला मी जेवण टाकून जायचो.

मग नवे नियम आले. बाहेरच्या सगळ्या स्पर्धा त्याच नियमांनी होऊ लागल्या. प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं जातं, राजा आणि हत्ती एका खेळीत जागा बदलून किल्लेकोट करतात, टोकाला पोचलेलं प्यादं कुठल्याही घरात वजीर होतं, आणि बुर्जीबिर्जी काही नाही. नागपूरहून बदलून आलेल्या एका इंजिनियरकडून वसंतानं ते शिकून घेतलं. परत येताना मला सांगत होता, "पयल्यांदा किल्लेकोट केला तवा चोरी केल्यासारखं वाटलं, रामा. इकडेतिकडे पाह्यलं मी, कोणी पाह्यते का. दुसऱ्या डावात मात्र... लय मोकळं वाटलं." तो नव्या खेळाच्या नादाला लागलाय हे मला तेव्हाच कळलं. आणि घरी काय होणार तेही.

व्हायचं ते माझ्यासमोरच झालं. ओसरीवर डाव मांडला होता. वसंतानं पहिलीच खेळी प्यादं दोन घरं सरकवून केली. अप्पांनी काही न बोलता ते एक घर मागे ठेवलं. वसंतानं पुन्हा पुढे नेलं. अप्पांनी पुन्हा मागे. तिसऱ्यांदा त्यांनी प्यादं उचलून मुठीतच धरलं. म्हणाले, "या पटावर हे चालणार नाही." वसंता म्हणाला, "मंग मी या पटावर बसत नाही." दोघांचेही आवाज चढले नाहीत. चढले असते तर बरं झालं असतं, भांडून मोकळे झाले असते. त्या दिवसापासून ते दोघं समोरासमोर खेळले नाहीत, आणि हळूहळू बोलणंही गेलं. मी कितीदा त्यांच्या पंगतीला बसलोय. ताटं समोरासमोर, आणि अप्पा वसंताच्या आईला विचारणार, "त्याले विचार, भात पायजे का." तो हातभर अंतरावर बसलेला. काकू विचारायच्या, तो त्यांनाच उत्तर द्यायचा, आणि मी खाली मान घालून घास गिळायचो. असं वरीसभर चाललं.

मग अकोल्याची स्पर्धा जाहीर झाली. जिंकेल तो नागपूरला मोठ्या स्पर्धेत खेळणार होता. वसंतानं नाव दिलंय हे काकूंकडून अप्पांना कळलं. दुसऱ्या दिवशी जेवता जेवता अप्पा एकदम त्याच्याकडे बघून बोलले, काकूंकडे नाही. "अकोल्याले जिंकून ये. मंग मी तुया नियमानं तुयासमोर बसतो. कबूल." वरीसभरात थेट त्याच्याशी बोललेला पहिला शब्द. संध्याकाळी वसंता मला हे सांगत होता तेव्हा त्याला सायकल धरवत नव्हती. मी म्हटलं, आता नागपूर गाठायचंच. तर माझ्यावर उखडला. "नागपूर गेलं खड्ड्यात. मले अप्पा पायजे समोर. समजलं का?" समजलं होतं.

आम्ही बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो. एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. उन्हाळा असा, की पटाला हात लावला तर पटही तापलेला. वसंता सुरुवातीचे डाव एकामागून एक जिंकला. एरवी प्रत्येक डावाची चव सांगणारा माणूस, पण त्या दिवसांत काही विचारलं तर म्हणायचा, "मंग सांगतो." शेवटचा डाव कॉलेजातल्या एका प्रोफेसरांशी होता. ते खेळताना मान वर करत नसत. दोन तास झाले असतील. वसंताचा जोर होता. मी भिंतीशी उभा होतो, आणि दाराकडे सहज पाहिलं तर अप्पा. धोतर, उपरणं, काखेत पोथीची पिशवी. अकोल्यात कुणाकडे वास्तुशांत होती, ती उरकून सरळ इकडे आलेले. ते आत आले आणि प्रोफेसरांच्या मागच्या बाकावर बसले, म्हणजे वसंताच्या बरोबर समोर. मनात म्हटलं, अप्पा, आत्ता कशाला आलात... वसंतानं वर पाहिलं. त्याचे कान लाल झाले आणि त्यानं पुन्हा पटावर नजर लावली.

डाव शेवटाला आला. प्रोफेसरांकडे राजा आणि एकच प्यादं. वसंताकडे हत्ती आणि दोन प्यादी. प्रोफेसरांचं ते प्यादं सरळ हत्तीच्या तोंडात उभं. मारायचं आणि घरी जायचं, हे मलाही दिसत होतं. वसंताचा हात हत्तीकडे गेला आणि हवेतच थांबला. मग तो हात बाजूला वळला, आणि वसंतानं आपलं प्यादं एक घर पुढे सरकवलं. प्याद्यानं मात देण्याची तयारी. प्रोफेसरांनी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि आपलं प्यादं पुढे ढकललं. अजूनही वेळ गेली नव्हती, हत्ती त्या प्याद्यावर नेता आला असता. मी घशात आलेला शब्द दाबून धरला, बोललो असतो तर डावच बाद झाला असता. वसंतानं पुन्हा आपलंच प्यादं सरकवलं. प्रोफेसरांचं प्यादं टोकाला पोचलं, घोड्याच्या घरात. त्यांनी शांतपणे बाजूचा वजीर उचलला आणि तिथे ठेवला. म्हणाले, "शह." वसंता त्या वजिराकडे असा बघत राहिला, की तो कुठून आला हे त्याला कळेना. "घोडा..." एवढंच पुटपुटला. थोड्याच खेळ्यांत हत्ती गेला, आणि त्यानं आपला राजा आडवा केला. प्रोफेसरांचा हात हातात घेतला, नीट घेतला, आणि पट स्वतः आवरला. हरल्यावर पट आवरलेला तो त्याचा एकच डाव मी पाहिला.

परतीच्या गाडीत आम्ही तिघं एकाच डब्यात. अप्पा खिडकीशी, वसंता त्यांच्यासमोर, मी मध्ये अडकलेला. बडनेरा जवळ आलं तेव्हा अप्पा मला म्हणाले, "त्याले सांग, प्यादं मारलं नाही ते बरोबर केलं." मी काय सांगणार? तो ऐकतच होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "त्याईले सांग, तेच चुकलं." अप्पांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मला त्या दोघांचाही असा संताप आला, की वाटलं पुढच्या स्टेशनात उतरून पायी जावं. एकानं नुसतं 'बस समोर' म्हणायचं होतं. पण शब्द तो शब्द. जिंकून ये म्हटलं होतं, जिंकला नाही, विषय संपला. वसंतानं पुन्हा मागणी केली नाही, अप्पांनी पुन्हा सवलत दिली नाही.

पुढे वसंताचं लग्न झालं, काकू गेल्या, निरोप सांगणारं मधलं माणूस गेलं. सुमनवहिनींनी सासऱ्यांचं सगळं केलं, पण निरोप्याचं काम त्यांनी पत्करलं नाही, आणि बरोबर केलं. वसंता पुढच्या खोलीत पट मांडायचा, अप्पा मागच्या. खेळणं त्यानं सोडलं नाही, स्पर्धेला मात्र पुन्हा गेला नाही. अकोल्याच्या डावाची चव मी त्याला बऱ्याच वर्षांनी विचारली. वाटलं होतं, चिडेल. चिडला नाही. म्हणाला, "चव कशी सांगू? तो डाव मी खेळलोच नाही. अप्पा दिसले अन् माया हात त्याईचा झाला. तेवढ्यापुरता. अन् खरं सांगू का रामा, तेवढ्यापुरतं लय बरं वाटलं मले."

गेल्या आठवड्यात वहिनींचा निरोप आला, अप्पांनी बोलावलंय. गेलो. मागच्या खोलीत पट मांडलेला होता, वर थोडेच मोहरे. जवळ गेलो आणि ओळखला. अकोल्याचाच डाव होता, वसंतानं हात हवेत थांबवला तिथपर्यंतचा. इतक्या वर्षांत एक मोहरा इकडचा तिकडे झाला नव्हता त्यांच्या डोक्यात. "बस," म्हणाले, "प्रोफेसराकडून." मी बसलो. ते वसंताच्या बाजूला बसले. मग हत्ती उचलला, माझं प्यादं मारलं आणि पटाबाहेर ठेवलं. माझा राजा एकटा उरला.

"तुमच्यात बुर्जी नाही ना?"

"नाही, अप्पा."

"मंग जिंकला होता तो."

मला 'जिंकला असता' म्हणायचं होतं. म्हटलं नाही. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, उघडपणे, माझ्यासमोर, आणि सगळे मोहरे माझ्याकडे सारले. "सुरवातीपासून मांड. त्याच्या नियमानं. मी कबूल केलं होतं त्याले." मी मांडत गेलो, आणि ते एकेक नियम विचारत गेले, शिकाऊ पोरासारखे, चुकलं तर पुन्हा. किल्लेकोट त्यांनी दोनदा करून पाहिला. मग पट माझ्याकडे फिरवला, पहिली खेळी माझी, आणि वाट बघत बसले. अप्पा नव्या नियमांनी खेळायला बसले होते, आणि त्यांच्यासमोर मी होतो.