मोठ्या अक्षरांचं पुस्तक

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, पाइप, रंगाचे डबे विकून उरलेल्या वेळात मी लोकांच्या मनातलं ओळखतो. वाढदिवस, लग्नाआधीचं संगीत, मंडळाचा कार्यक्रम, कुणीही बोलावलं की निघालो. बायको म्हणते, "लोकाईच्या मनातलं कळते, घरातला गॅस संपला हे नाई कळत."

या खेळात मला नेहमी एका पुस्तकाची गरज पडते. कुणीतरी पुस्तक उघडतं, एक शब्द मनात धरतं आणि मी तो सांगतो. कसा सांगतो ते विचारू नका, सांगणार नाही. पण पुस्तक कोणतं घ्यावं यात माझी बरीच वर्षं गेली, ते मात्र सांगतो.

पहिलं पुस्तक ऑनलाइन मागवलेलं, इंग्रजी, खास याच खेळासाठी छापलेलं. बोरगाव मेघेतल्या एका वाढदिवसाला मी ते एका काकूंच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं आणि परत केलं. "मराठी असंन तं देजो बाबू." मग जाडजूड मराठी कादंबरी घेतली. तिचं एक पान उघडं ठेवायला दोन्ही हात लागत, आणि एका हातात तर माइक! अक्षर मुंगीएवढं. दर कार्यक्रमात कुणीतरी म्हणणारच, "चष्मा घरीच राह्यला ना." एकदा वाटलं, पुस्तक यजमानांच्याच घरातलं मागावं, म्हणजे संशयच नको. त्या घरात निघाली एक बियाणे कंपनीची डायरी आणि देवघरातली पोथी. पोथीवर जादू करायला माझा हात धजेना.

शेवटी लहान मुलांच्या गोष्टींचं एक पुस्तक सापडलं. ठसठशीत अक्षरं, जाड पुठ्ठा, एका हातात उघडं राहणारं. पानाचा आकडा कळला की वरचा पहिला मोठा शब्द माझाच. सोपं, स्वस्त, हुकमी. मी ताईला फोन करून सांगितलं. ती हसून म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. दहा पुस्तकं बदलवली तुनं."

तिला काय सांगणार? मला पुस्तक कधी नकोच होतं. मला ताई हवी होती.

आम्ही दोघं शाळेत असताना गल्लीतल्या गणपतीसमोर हाच खेळ करायचो, पुस्तकाशिवाय. मी डोळ्यांवर पट्टी बांधून स्टेजवर बसायचो. ताई लोकांमध्ये फिरायची. कुणीतरी तिच्या कानात शब्द सांगायचं, ती मला दोनचार वाक्यं बोलायची, आणि मी शब्द ओळखायचो. प्रत्येक अक्षराला तिच्या बोलण्याची एक सुरुवात ठरलेली होती. 'बरं' म्हणून वाक्य सुरू झालं की प. 'आता' म्हणाली की र. सुट्टीत गच्चीवर बसून आम्ही ती सगळी बाराखडी घोकलेली. घरात आईसमोर आम्ही त्या बाराखडीतच भांडायचो आणि आई म्हणायची, हे दोघं असे तुटक काऊन बोलून राह्यले?

मग ताईचं लग्न समुद्रपूरच्या शेतकरी घरात झालं. माणसं चांगली. पण लग्नातच तिच्या सासऱ्यांनी मला गोडीत सांगितलं, "आमच्याइकडं सुना स्टेजवर नाई चढत." ताईने मान डोलावली. मी पुढे एकट्यानेच खेळ चालू ठेवला. दुधाची तहान ताकावर. सासरे गेले, तिला स्वतःला सुना आल्या, तेव्हापासून मी दर भेटीत विचारायचो, "ताई, एकदा करू ना." ती म्हणायची, "आता का ते वय राह्यलं माय?" आणि मला भाकरी वाढायची. तिला विसर पडला असेल, असं मी स्वतःला समजावत आलो. फार वाईट वाटायचं.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिच्या महिला मंडळानेच मला बोलावलं. एसटीने गेलो, पिशवीत गोष्टींचं पुस्तक. समाजभवन बायकांनी भरलेलं. मी पुस्तक उंच धरून म्हटलं, कुणीतरी एकीने पुढे यावं. कुणी उठेना. सगळ्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मग मागून आवाज आला, "जा ना वं तू, तुयाच भाऊ होय ना!" आणि दोघीतिघींनी ताईला उठवून पुढे ढकललं.

ती पदर सावरत आली. माइक तिने असा धरला, जणू कालच ठेवला होता. मी पुस्तक दिलं. तिने एक पान उघडलं, आकडा मोठ्याने सांगितला, पुस्तक जवळ नेलं, लांब नेलं. "चष्मा नाई आणला रे," ती म्हणाली. बायका हसल्या. "पण दिसलं मले थोडं. घेतला शब्द."

आकडा ऐकताच शब्द माझ्या ओठांवर आला होता. कासव. त्या पानावर वर कासवच आहे, मला झोपेतही सांगता येईल. मी तोंड उघडणार इतक्यात ताई माझ्याकडे न पाहता बोलली.

"बरं, धरला हं मी मनात."

मी थांबलो.

"आता तू सांगशीन, का नुसता पाह्यतच राह्यशीन?"

तिने पुस्तक मिटून काखेत धरलं होतं, कुणी मागितलं तरी उघडायचं नाही अशा बेताने.

"सांग ना रे."

'सांग' म्हणजे त. गच्चीवर पाठ केलेलं एक अक्षरही मी विसरलो नव्हतो. आणि तीही. कासव म्हणालो असतो तर पुस्तक बरोबर ठरलं असतं. मी म्हटलं, "परत. तुझ्या मनात आहे 'परत'."

ताई माइकमध्ये म्हणाली, "बराबर." टाळ्या पडल्या. मी तिच्याकडून पुस्तक घेऊन पिशवीत टाकलं आणि पुढचा खेळ सुरू केला.

संध्याकाळी ती मला बसस्टँडवर सोडायला आली. हातात तिळगुळाचा डबा. मी म्हटलं, "ताई, पानावर तं 'कासव' होतं."

"होतं ना. वाचलं मी."

"चष्म्याशिवाय?"

"एवढ्या मोठ्या अक्षराले चष्मा काऊन लागते?" वर्ध्याची बस लागली तशी तिने डबा माझ्या पिशवीत कोंबला आणि पुस्तक बाहेर काढून स्वतःजवळ ठेवलं. "हे राहू दे नातवाले. पुढच्या कार्यक्रमाच्या आधी मले फोन करजो. आणि पुस्तक घेऊ नको आता."