मामांची रिकामी पोती
वाहून जाणारं पाणी पाहिलं की ज्याचा जीव कासावीस होतो असा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा मृदसंधारण खात्यात सुपरवायझर होते. नव्वदच्या आगेमागे सरकारचा एक आदेश आला: सिमेंटच्या भिंतींच्या मागे न लागता डोंगरावर चर खणा, गवत लावा, ओढ्याला छोटे बांध घाला, पाणी जमिनीत मुरवा. बाकीच्यांनी तो फायलीत लावला. मामांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जवळ बाळगला आणि आल्यागेल्याला पोथीसारखा वाचून दाखवू लागले. मी जांभई दिली की म्हणत, "अहो जावईबापू, सरकार इतकं शहाणपणाचं रोज लिहीत नाही. ऐकून तर घ्या!"

चरांचा उतार तपासायला त्यांच्याकडे पाणी भरलेली एक पारदर्शक नळी असे. बेलवलीला आमच्या नव्या घराची वास्तुशांत चालू होती. गुरुजींचे मंत्र रंगात आलेले असताना मामांनी ती नळी मोरीच्या भिंतीला लावली आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "मोरीचं पाणी हॉलमध्ये येणार." बायको आठवडाभर फुगून बसली. आठव्या दिवशी पाणी हॉलमध्ये आलं.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे रिकामी पोती. पोत्यांत वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात एकावर एक रचायची, झाला बांध. त्यामुळे भेटेल त्याच्याकडे ते पोती मागत. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्यांनाही "पुढच्या वेळी दोन पोती आणा" असं सांगायला त्यांची जीभ अडखळली नाही. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये तर मला हमालासारखं बरोबर घेऊन दुकानं पालथी घालत. एक सिंधी दुकानदार हसून म्हणाला, "साईं, सरकारी आदमी होके खाली बोरी मांगता है?" आणि त्याने चांगली साठ पोती दिली. मामा हरखले. ती पोती मिठाची होती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

वांगणीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथली विहीर होळीलाच आटायची. मग नदीवर हेलपाटे घालायला वाडीतली मथीबाई आपल्या लेकीला, सुंदरला, शाळेतून काढणार होती. "दोन हंडं कोन आननार, सायेब? मी मजुरीला जातंय," ती म्हणाली. मामांनी शब्द दिला, "पोरीला काढू नकोस. विहीर टिकेल." सगळ्या वाडीने खपून त्या साठ पोत्यांचा बांध घातला. चौथ्या दिवशी मथीबाई धापा टाकत आली. "सायेब, तुमचा बांध म्हशींनी खाल्ला!" खरंच, मिठाच्या चवीने म्हशींनी पोती चाटून, चावून फाडली होती आणि पाणी निघून चाललं होतं. मामा दगडावर बसले. पिशवीतला कागद काढून चाळला आणि गंभीरपणे म्हणाले, "आदेशात म्हशींचा उल्लेख नाही." आधी मथीबाई हसली, मग सगळी वाडी. दुसऱ्या दिवशी आम्ही सिमेंटची पोती झटकून घेऊन गेलो आणि बांध पुन्हा उभा राहिला. त्या वर्षी विहीर होळीनंतरही महिनाभर टिकली. पुढे डोंगरावरच्या चरांत गवत धरलं, तशी ती दरवर्षी थोडी जास्त टिकू लागली. सुंदर शाळेतच राहिली.

मामा निवृत्त झाले आणि अंबरनाथच्या घरी अंथरुणाला खिळले. ऐन मे महिन्यात त्यांचा एकच प्रश्न असे, "विहिरीला पाणी आहे का हो?" शेवटी मी वाडीवर गेलो. सुंदर तेव्हा दहावीची परीक्षा देऊन घरीच होती. तिने विहिरीत बादली सोडली, माझी बाटली भरून दिली आणि म्हणाली, "मामांना सांगा, आजून हाय."

मामांनी बाटली उजेडात धरून पाहिली. एक घोट घेतला. उरलेलं पाणी मला खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायला लावलं. "मुरू दे," म्हणाले.

त्याच महिन्यात ते गेले. मी त्यांची आयुष्यभर थट्टा केली. त्यांच्यामुळे माझ्या हातून जन्मात एक तरी चांगलं काम झालं, हे त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं. दिवाळी झाली की वाडीच्या बांधासाठी मी अजून कॅम्प दोनला जातो. तो दुकानदार आता काही विचारत नाही, पोती बाजूला काढून ठेवतो. मी प्रत्येक पोत्याला बोट लावतो, जिभेवर टेकवून पाहतो, आणि मगच खांद्यावर घेतो.