बरणीतला पहिला जीव

पृथ्वीवर पहिला जीव कसा निर्माण झाला, हे नक्की ठाऊक असलेला जगात एकच माणूस आहे आणि तो सुरतेतल्या पांडेसऱ्यात आमच्या शेजारच्या घरात राहतो. शास्त्रज्ञांना अजून शंका आहेत. आमच्या मास्तरांना नाहीत. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, रंगाचे. ऐन तारुण्यात धुळ्याकडून सुरतेला आले आणि जन्मभर मिलमध्ये साड्यांना रंग चढवला. निवृत्तीनंतर मोबाइलवर जीवसृष्टीच्या उगमाचे व्हिडिओ हाती लागले आणि जगभरचे सिद्धान्त त्यांनी रंगखात्याच्या हिशेबाने तपासायला घेतले. जीव उल्केवर बसून आला म्हणणाऱ्यांना ते एका वाक्यात उडवतात, "माल बाहेरून आला हे ठीक, पण तिथे कोणी बनवला?" समुद्रतळाच्या उकळत्या झऱ्यांत जीव जन्मला, हे त्यांना निम्मं मान्य आहे, कारण पॉलिस्टरही दाबाखालीच रंग घेतं. पण त्यांचं खरं प्रेम कोमट डबक्यावर. "मीठ, ऊब आणि धीर. कापडाला रंग असाच धरतो, पाण्याला जीव असाच धरला." एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या वडिलांना कढीच्या पातेल्यापाशी गाठून आद्य समुद्र समजावून सांगितला. पंगत उठली, कढी वाढायची राहिली ती राहिलीच.

शेवटी त्यांनी बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, लोणच्याची बरणी पळवली. पाणी, मीठ, नवसागर घालून ती गॅलरीत उन्हात ठेवली. आदिम पृथ्वीवर कडाडणाऱ्या विजेच्या जागी रोज सकाळी स्वयंपाकघरातला गॅस लायटर बरणीच्या तोंडाशी शंभर वेळा खटखटवायचा. "आधी चहा तरी व्हऊ द्या!" काकू आतून ओरडायच्या. पण आदिम पृथ्वीवर चहा नव्हता, असं मास्तरांचं म्हणणं.

श्रावणात पावसाने बरणी काठोकाठ भरली आणि आठवड्याभराने मास्तरांची आरोळी ऐकू आली. मी दाढीचा साबण तोंडावर घेऊन धावलो. बरणीत बारीक काहीतरी वळवळत होतं. "दिसलं? धरला!" मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला शंका आली होती, पण बोलायचं धाडस झालं नाही. ते काम दुपारी तपासणीला आलेल्या महापालिकेच्या बाईंनी केलं. बॅटरीच्या उजेडात एकदाच पाहून त्या म्हणाल्या, "काका, आ तो मच्छरना पोरा छे!" डासांच्या अळ्या. पृथ्वीवरचा पहिला जीव त्यांनी मोरीत ओतला आणि बरणी पालथी घातली.

त्यानंतर मास्तर गप्प झाले. मोबाइल बंद. अर्धी भाकरी खाऊन उठायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. महिनाभर तो लायटर फक्त चहापुरता वाजला, आणि मला त्या शांततेची खरोखर भीती वाटली. काकूंना तर जास्तच वाटली असणार.

एका सकाळी मी त्यांचा डबा परत द्यायला गेलो, तर काकू स्वतः बरणीत मूठभर मीठ टाकत होत्या. डास शिरू नयेत म्हणून तोंडाला जुन्या साडीचा तुकडा घट्ट बांधला. मग बरणी आणि लायटर मास्तरांपुढे ठेवून विचारलं, "कितला दिन लागतीन?"

"दिन नाही, कोट्यवधी वर्षं," मास्तर भिंतीकडे पाहतच म्हणाले.

"लागू द्या. तवलगून तुम्ही ऱ्हाशात ना?"

तोवर राहायचं म्हटल्यावर मास्तर भिंतीकडून वळले. उठून बसले आणि त्यांनी लायटर हातात घेतला. काकू आत जाऊन काडेपेटी शोधू लागल्या.

आता त्या घरात चहा काडेपेटीवरच होतो. मी येता-जाता बरणीत डोकावतो. अजून काही नाही. इतक्यात काही दिसूही नये, असंच मला वाटतं.