डब्याचं पोट गार होईपर्यंत

मी मुलुंडची, पण या खेपेला घरी बॅग टाकली आणि तडक अंधेरीची एमआयडीसी गाठली. जर्मनीतल्या ज्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे, तिची शाखा तिथे आहे. दोन्हीकडे लाकूड चिकटवायच्या एकाच गोंदाचा घट्टपणा मोजतात. अंधेरीच्या उकाड्यातही तिथले आकडे आमच्याशी इतके तंतोतंत जुळत होते की आमच्या वरिष्ठांना ते बसल्या जागी लिहिलेले वाटले. तसं निघालं, तर अंधेरीचं काम बंद होणार होतं. मराठी येतं म्हणून शोध घ्यायला मला धाडलं.

खाली पत्र्याचं गोदाम, वर प्रयोगशाळा. शास्त्रज्ञ पाच आणि तंत्रज्ञ एक, सावंत. आमच्याकडे प्रत्येक शास्त्रज्ञाजवळ एक तंत्रज्ञ असतोच, रीतसर शिकून, परीक्षा देऊन आलेला. माझी सहकारी ग्रेटा तर वहीत स्वतःची सही केल्याशिवाय आकडा कुणाला देत नाही. सावंत कित्येक वर्षं तेच काम करतात, पण हुद्दा हेल्परचा, आणि सही फक्त मस्टरवर (हजेरीपटावर). खरं सांगते, मला राग आला.

कागदावरची पद्धत सोपी आहे. गोदामातून डबा आणायचा, वातानुकूलित खोलीत तासभर ठेवायचा आणि मोजायचं. दुसऱ्या दिवशी मी तसंच केलं. गोंद ताकासारखा पातळ निघाला. म्हणजे वरिष्ठांचं खरं होतं की काय?

आकडा सांगितल्यावर सावंत नुसते हसले. दुपारी त्यांनी जेवणाचा डबा पुढे सरकवला. तांदळाची भाकरी आणि सोड्यांचं (वाळवलेल्या कोळंबीचं) सुकं.

"खा गं, तोंड उतरलंय तुझं." सकाळचं 'मॅडम' कुठल्या कुठे गेलं. "उद्या साडेसहाला ये."

मी गेले. घाटकोपरहून पहाटेची मेट्रो पकडून सावंत माझ्याआधीच हजर होते. खोलीत डबे मांडलेले, एकात थर्मामीटर खोल खुपसलेला.

"तासाभरात वरचा थर गार होतो. डब्याचं पोट तापलेलंच असतं, म्हणून गोंद पातळ लागतो. त्याला तीन तास लागतात."

"हे कुठे लिहिलंत, काका?"

"लिहायचं साहेबांनी. आपण करायचं."

"साहेबांना ठाऊक आहे?"

"आकडा बरोबर आला की कोण विचारतंय?"

नऊला मस्टर उघडल्यावर ते खाली जाऊन सही करून आले. साडेनऊला आम्ही मोजलं. आकडा तंतोतंत.

मी वही पुढे केली. ते जरा मागे सरले. "नियम मोडला म्हणून माझीच वाट लागली तर?" मला खात्री देता येत नव्हती, म्हणून दिली नाही. त्यांनी हात पुसले, खुर्ची ओढली आणि सगळं सावकाश लिहून काढलं. खाली पूर्ण नाव घातलं.

जर्मनीला परतल्यावर ग्रेटाला ते पान वाचून दाखवलं. "हे आधीच का नाही कळवलं?" तिने विचारलं. तिला खरोखरच नवल वाटलं होतं. मला मात्र उत्तर देताना लाज वाटली, कारण इथे येण्याआधी मीसुद्धा मुंबईत असंच न विचारता, न लिहिता काम केलं होतं.

महिन्याभरात पद्धत बदलली. आता तिच्यात तीन तास लिहिलेत आणि दुरुस्ती सुचवणारा म्हणून सावंतांचं नाव आहे. मी त्यांना त्या कागदाचा फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "आता मी नऊला येऊ की साडेसहालाच?"

मी लिहिलं, "साडेसहालाच, काका. पण मस्टर तेव्हा उघडायला सांगा."