बसून राहायची परीक्षा

आमचा दादा गोदामात हमाल. मी तिथेच पॅकिंगला. पोती, खोकी, पिंपं, जे येईल ते दादाच्या खांद्यावर. माल उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी चालवणारे मात्र बाहेरून यायचे, कारण त्यांच्याकडे प्रशिक्षणाचा कागद. दादाची कंबर कुरकुरायला लागली तेव्हा वहिनी म्हणाली, "त्यांना काय सोनं लागलंय? तुम्हीही शिका."

वर्ग भरायचे दिवसा. सुपरवायझर सोडेना. "हमालानं ओझी उचलावीत, नसती उठाठेव कशाला?" मग दादाने रात्रपाळी मागून घेतली आणि सकाळी डोळे चोळत वर्गाला जाऊ लागला. मशीन त्याला चटकन जमलं. हाताला गुणच आहे त्याच्या.

परीक्षेत मात्र घोळ झाला. उचललेलं खोकं जरा डगमगलं आणि आमचे बंधुराज टुणकन सीटवरून उतरून खांदा लावायला धावले! चालवणाऱ्याने सीट सोडायची नाही, हा तर पहिला नियम. परीक्षक ओरडले, "जीव नकोसा झालाय का?" नापास. आता एकच संधी उरली. तीही हुकली की जन्मभर हमाली.

मी पोट धरधरून हसले. वहिनी हसली नाही. तिने दादाला खुर्चीत बसवलं, समोर टेबलाच्या कडेला डबे रचले आणि एकेक ढकलायला लागली. डबा पडला की दादा उठायचा. "बसा खाली!" रोज हेच. शेजारीण चौकशीला आली, घरात भांडण चाललंय का म्हणून.

"नाही हो, अभ्यास चाललाय," मी म्हटलं.

शेवटी एकदा धान्याचा भरलेला डबा कोसळला, दाणे घरभर झाले, तरी दादा ढिम्म! वहिनीने टाळ्याच वाजवल्या.

दुसरी परीक्षा गोदामाच्या आवारात झाली. खोकं पुन्हा डगमगलं. दादाचं बूड मात्र हललं नाही. त्याने सावकाश माल मागे कलवला आणि अलगद जमिनीवर टेकवला. पास! मला तर आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने नेहमीसारखी हाक मारली, "ए, इकडे ये रे! ट्रक आलाय. लाव खांदा."

"उतरवतो की, साहेब," दादा म्हणाला आणि हात पुढे केला. "किल्ली द्या."

सगळे हमाल ओझी खाली ठेवून बघत राहिले. सुपरवायझरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दादाकडे. मग खिशातून किल्ली काढली.

"घ्या," तो म्हणाला. "बसा."