काविळीनं गेलेले सासरे

माझे सासरे ऐन तारुण्यात काविळीनं गेले, असं मला लग्न ठरतानाच सांगितलं होतं. आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या घरात देवाच्या फळीशेजारी त्यांचा फोटो आहे. गोरापान माणूस, आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत पिवळट पुटकुळ्या. कोणी विचारलं की सासूबाई त्या पुटकुळ्यांकडेच बोट दाखवायच्या. "ते बघा ना, कावीळ."

गेल्या हिवाळ्यात तशाच पुटकुळ्या माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांपाशी आल्या. रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल भलतंच वर. जीपीनं, म्हणजे आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरनं, फोनवर, फोनवरच हं, माणसाचं तोंडही न बघता सांगितलं, तुम्हा लोकांचं तूप आणि तळण कमी करा. तुम्हा लोकांचं! अशी तिडीक गेली डोक्यात! अहो, आमच्याकडे तळण दिवाळीला होतं, आणि हा माणूस दर वीकेंडला बॅडमिंटन खेळतो. तरी मुकाट्यानं तूप बंद केलं, खोबरं बंद केलं, बिचाऱ्याला उकडलेल्या भाज्या घातल्या. पुढच्या टेस्टला आकडा ढिम्म हलला नव्हता.

जीपीच्या दवाखान्यातली नर्स मात्र शहाणी निघाली. तिनं त्याला बूट-मोजे काढायला लावले आणि टाचेच्या मागचा भाग चाचपला. तिथे जाड गाठी होत्या. ती म्हणाली, या गाठी आणि डोळ्यांजवळच्या पुटकुळ्या कोलेस्टेरॉलच्याच; हे नुसतं खाण्यापिण्याचं वाटत नाही, हे जन्मापासून जीनमध्ये असू शकतं. घरात कोणी लहान वयात हार्ट अटॅकनं गेलंय का? असेल तर तुम्हाला जेनेटिक क्लिनिकला लगेच पाठवता येईल, नंतर मुलीचीही टेस्ट होईल.

"नाही," नवरा म्हणाला. "बाबा काविळीनं गेले."

मग जरा थांबून बघू, असं ठरलं. थांबून काय बघायचं होतं? माझी मुलगी प्रायमरी स्कूलमध्ये आहे.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच राहायला आल्या होत्या. घरी आले तर त्या मेथी निवडत बसलेल्या. मी कोटही काढला नाही.

"आई, बाबा नक्की कशानं गेले?"

"सांगितलंय ना. कावीळ."

"काविळीत माणूस अंथरूण धरतो. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, चहा पिता पिता पडले म्हणून. आणि बाबांचे भाऊ, धाकटे काका? तेही काविळीनंच?"

त्या मेथीची पानं खुडत राहिल्या. मग दबक्या आवाजात म्हणाल्या, "हळू बोल गं. तुझ्या नणंदेच्या मुलीचं बघतायत. हार्टचं घराणं म्हटल्यावर कोण येतं दारात?"

मी किंचाळलेच. "तुमचा मुलगा मरेल, आई! नातीला काय झालंय ते कुणाला कळणार नाही! आणि तुम्हाला स्थळांची पडलीय?" इतकी वर्षं त्यांना अहो-जाहो करताना कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी शेजारच्यांनीही ऐकलं असेल. ऐकू दे.

त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "छातीत कळ आली म्हणाले, आणि संपलंच. भावजींचंही तसंच झालं."

दुसऱ्याच दिवशी मी नर्सला फोन केला. पुढे नवऱ्याची टेस्ट झाली, मग मुलीची. दोघांतही तो जीन सापडला. निकाल समजावून घ्यायला गेलो तेव्हा सासूबाई हट्टानं बरोबर आल्या, साडीखाली थर्मल आणि पायात ट्रेनर्स घालून. क्लिनिकमधल्या समुपदेशक बाई शांतपणे सांगत होत्या, मी मराठीत करून देत होते. एकच जीन असला तरी एकाला लवकर तडाखा बसतो, दुसऱ्याला उशिरा. सिगरेट, ताण, खाणं यांच्या खुणा जीनवर बसतात, त्यांचं काम वरखाली होतं. म्हणून गोळीही हवी आणि राहणीही सांभाळायला हवी. मुलगी जरा मोठी झाली की तिलाही गोळी सुरू करू. वेळेवर कळलंय, म्हातारी होईल ती. मला तिथेच रडू फुटलं.

"दोघं भाऊ असे गेले म्हणजे हे वडिलांच्या बाजूनं आलंय," बाई म्हणाल्या. मी तेही सांगितलं.

सासूबाई ताठ बसल्या. "म्हणजे ह्यांना लग्नाआधीपासूनच होतं?"

"हो आई. जन्मापासून."

"परत विचार तिला."

मी परत विचारलं. उत्तर तेच आलं.

"तेराव्याला ह्यांच्या आईनं मला सगळ्यांदेखत पांढऱ्या पायाची म्हटलं," त्या म्हणाल्या. "भावजी गेले तेव्हाही माझंच नाव. कावीळ मीच काढली शोधून. कावीळ म्हटलं की कोणी माझ्या पायांकडे बघत नव्हतं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यांच्याच रक्तातलं दुखणं, आणि बाहेरून आलेल्या पोरीच्या माथी मारलं! जिला जाऊन जाब विचारावा ती बाई कधीच मरून गेलेली.

बाहेर बसस्टॉपवर सासूबाईंनी माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. "लाव तुझ्या नणंदेला. म्हणावं, तू टेस्ट कर, पोरीचीही कर. आणि स्थळवाल्यांना खरं काय ते सांग."

"आणि मोडलं तर?"

"मोडू दे मेलं!"